अंबाल्याचा डबा

बोरगाव, तालुका वाळवा
१८ नोव्हेंबर १९७३

दादा,

तुझा डबा परवा पोचला. तुझ्या पलटणीतले शिंदे हवालदार रजेवर आलेत, ते स्वतः इस्लामपूरहून सायकल मारत घेऊन आले. चहा घेतला, अंबाल्याच्या थंडीच्या गोष्टी सांगितल्या आणि गेले. तुझ्या दाजींनी डबा उघडून आधी पावडरीचा वास घेतला. मग आतली गुलाबी गोळ्यांची पुडी वेगळी काढून फडताळात वरच्या फळीवर ठेवली. त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. लग्नात तू बोटात अंगठी घातलीस तेव्हासुद्धा एवढे खुलले नव्हते.

दिवाळीनंतरच्या मैदानात त्यांनी बाहेरच्या नावाजलेल्या पैलवानाला चितपट केलं, हे तुला कळलंच असेल. हलगी वाजवत घरापर्यंत आणलं लोकांनी. दंड असे भरलेत की शिंप्यानं सगळी मापं नव्यानं घेतली. आत्याबाई रोज तिन्हीसांजेला मीठमोहऱ्या ओवाळून लेकाची दृष्ट काढतात. दुधात पावडर मीच कालवते. गोळ्यांना मात्र ते मला हात लावू देत नाहीत. "मिलिटरीकडचा माल हाय, बाईमाणसाचा हात नगं," म्हणतात.

माझं ठीक आहे. लग्नाला सहा वर्षं होत आली, आणि घरात पाळणा नाही, तेव्हा जे सगळीकडे असतं तेच इथं. चातुर्मासात मी ताट न घेता भुईवर जेवले. आत्याबाईंनी सांगलीला नवी डॉक्टरीण शोधली, चारुलताबाई. बाई गोड बोलतात. त्यांनी गर्भाची पिशवी धुतली. मागच्या साली मिरजेला धुतली होती तीच. या खेपेला भूल पुरती चढली नव्हती की काय कोण जाणे, मला सगळं कळत होतं. पण हे भावाला लिहायचं नसतं. खोडून टाकणार होते, राहू दे.

शिरवळला आईला आणि बनूवहिनीला निराळं पत्र टाकते आहे. हा डबा संपायच्या आत दुसरा पाठव, असं दाजींनी सांगितलंय. गोळ्या नसल्या की त्यांना झोप लागत नाही, घरात कुणाशी धड बोलत नाहीत. तुझा त्यांच्यावर जीव आहे म्हणून लिहिते, नाहीतर त्रास दिला नसता.

तुझी मनू


बोरगाव
३ मार्च १९७४

दादा,

चारुलताबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "तुमच्यात काही दोष नाही. मी दोनदा खात्री करून घेतली. आता मालकांना एकदा घेऊन या. माझे यजमानही डॉक्टर आहेत, ते तपासतील."

मी येडी, आनंदानं घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. दोष नाही म्हटल्यावर त्यांनाही बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. हातातली शेंग तशीच राहिली.

"काय म्हनली ती डागतरीण?"

"यांना तपासायचं म्हणतात."

"माझ्या लालाला? आगं, पंचक्रोशीत त्याच्या छातीला छाती लावायला मानूस न्हाई, आन् त्यात खोट काढतीस? सांडाला कुनी तपासतं व्हय गं?"

हे ओसरीवर तोंड धूत होते. मला वाटलं काहीतरी बोलतील. तांब्या खाली ठेवला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि सरळ सांगलीला तालमीत निघून गेले. आठवडाभर फिरकले नाहीत.

आता घरात दुसरीची बोलणी सुरू झाली आहेत. तासगावच्या अंगाला एक स्थळ आहे. मुलीचा बाप म्हणतो, पहिलीनं चार माणसांत येऊन माझी ना नाही म्हणून सांगितलं तरच पोर देतो, नाहीतर कोर्टकचेरी व्हायची. म्हणजे सगळं माझ्या तोंडावर येऊन थांबलं आहे. मीही सांगून टाकलं, एकदा तपासून या, मग मी कुठंही येऊन काय सांगायचं ते सांगते. दाजींनी "बघू" म्हटलं.

तू त्यांना दोन ओळी लिही. तुझा शब्द त्यांनी आजवर मोडला नाही.

मनू


बोरगाव
२० जून १९७४

दादा,

रेल्वेचा संप मिटून टपाल सुरू झालं म्हणतात, तेव्हा हे पत्र तुला मिळेल. मी ते तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे. आधीची दोन चुलीत घातली. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच, पण सगळं वाच.

आम्ही सोमवारी सांगलीला गेलो. दवाखान्याच्या पायऱ्यांशी हे थांबले. "मी येकटाच आत जाऊन येतो, तू हितंच बस," म्हणाले. मला वाटलं, पुरुषमाणूस आहे, लाजत असेल. व्हरांड्यात बाकावर माणसं होती. मी कडेला बसले. तेवढ्यात चारुलताबाईंचे यजमान, शरच्चंद्र डॉक्टर, हात पुसत बाहेर आले आणि मोठ्यानं म्हणाले,

"अरे, लालासाहेब पैलवान! दोन वर्षांनी उगवलात की. काय, सोडल्या का त्या गोळ्या?"

मी चक्क हसले, दादा. मला वाटलं डॉक्टरांची काहीतरी गफलत झाली. मी म्हटलं, "डॉक्टर, हे पहिल्यांदाच आलेत." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग यांच्याकडं. हे खाली बघत होते. एवढा धिप्पाड माणूस, पण मास्तरांनी उभं केलेल्या पोरासारखा दिसत होता.

"या तुमच्या मंडळी?" डॉक्टरांनी विचारलं. "यांना सांगितलं नाहीत तुम्ही?"

आवाज ऐकून चारुलताबाई आतून आल्या. मला ओळखलं, यांना बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अहो, ही यांची बायको? दिवाळीनंतर हिची पिशवी धुतली मी! तुम्ही मला एका शब्दानं..." डॉक्टर म्हणाले, "मला काय ठाऊक ही कुणाची कोण ते?" मग बाईंनी मला हाताला धरून आत नेलं, मागून डॉक्टरही आले, आणि दार लावून घेतलं. बाकावरची माणसं तोवर सगळं ऐकून बसली होती.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते लिहिते. लिहायला लाज वाटते, पण आता लाजेचं काय राहिलंय. पुरुषाच्या अंगात जे आपोआप तयार होतं, तेच त्या गुलाबी गोळ्यांत असतं. बाहेरून मिळायला लागलं की अंग स्वतःचं करायचं थांबतं. दंड भरतात, छाती भरते, रग वाढते, आणि बीज धरत नाही. दोन वर्षांपूर्वी यांनी स्वतःहून तपासून घेतलं होतं. डॉक्टरांना काचेखाली एकही जिवंत सापडलं नव्हतं. गोळ्या आजच्या आज बंद करा, असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं.

"आता बंद केल्या तर?" मी विचारलं.

"काहींचं वर्षभरात परत येतं. काहींचं येत नाही. तेव्हाच सोडल्या असत्या तर मी छातीठोक सांगितलं असतं. आता नाही सांगत."

एसटी स्टँडवर आम्ही बाकड्यावर बसलो. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी गाड्यांच्या पाट्यांकडं तोंड फिरवलं. मग म्हणाले, "सोडून बघितल्या गं. अंग गळालं. मैदानात येका कालच्या पोरानं उचलून टाकला मला. लोक हसले."

"आणि माझी पिशवी धुतली ती? ती धुतल्यावर घरी येऊन मी रात्रभर जनावरासारखी ओरडत होते, तेव्हा तुम्ही दाराबाहेर होतात."

"मला वाटलं, बाईमाणसाला त्यानं काय हुतंय."

दादा, हे ते रागानं नाही म्हणाले. साधेपणानं म्हणाले. मला तेच सहन होत नाही. पुढं तुझं नाव घेऊन जे म्हणाले ते तुझ्यासाठी जसंच्या तसं लिहिते.

"नाथाजीला समदं म्हाइत हाय. मी तवाच लिवलं हुतं त्याला. त्यो म्हनला, नावाची मैदानं हुस्तवर घे, मग सोड. आन् मनूला काय बोलू नगंस. पैलवानाची अब्रू हाय."

आमची गाडी लागली. मी चढले. गावात उतरले तेव्हा वाटेत काय काय लागलं ते मला आठवेना.

तू खरंच असं लिहिलंस? पहिल्यांदा माझी पिशवी धुतल्यावर तू मला संत्र्यांसाठी मनिऑर्डर पाठवली होतीस. ती पाठवताना तुला ठाऊक होतं? तू नाही म्हण. तू नाही म्हणालास तर मी तुझ्यावर विश्वास ठेवीन, यांच्यावर नाही.

मनू


शिरवळ
२ डिसेंबर १९७४

दादा,

पत्ता बदललेला बघून समजलं असेल. मी आईकडं आले आहे. कशी आले ते सांगते.

जुलैत तुझं उत्तर आलं. तू नाही म्हणाला नाहीस. "मनू, संसारात बाईला सोसावं लागतं. दाजीचं नाव झालंय, ते मातीत घालू नकोस. दोन वर्षांत तो आपणहून सोडेल." एवढंच. मी ते पत्र उजेडात धरून मागूनसुद्धा बघितलं, आणखी काही लिहिलं असेल म्हणून.

आणि त्याच आठवड्यात, दादा, डबा आला. शिंदे हवालदारच घेऊन आले. मी त्यांना पाणी दिलं, बसा म्हटलं, आणि डबा घेऊन मागल्या दारी गेले. उकिरड्यावर सगळा उपडा केला. पावडर, गोळ्या, सगळं. वरून शेणाची पाटी ओतली.

यांना कळलं तेव्हा मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उकिरड्यावर गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी शेण उकरायला लागले. एकेक गोळी काढायची, धोतराच्या सोग्याला पुसायची, फुंकर मारायची, मुठीत ठेवायची. ज्या माणसाच्या पाया पडायला लहान पोरं येतात तो माणूस. मी दारात उभी राहून बघत होते.

आत्याबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी लेकाला विचारलं. ते म्हणाले, "डागतर म्हनला माझं समदं बरोबर हाय." माझ्यासमोर म्हणाले. आत्याबाई माझ्या पायाशी थुंकल्या. "तुझ्या पोटाचं पाप माझ्या वाघावर ढकलतीस?"

तुळशीचं लग्न झाल्यावर आम्ही तासगावच्या अंगाला त्या स्थळाकडं गेलो. मुलीचा बाप ज्ञानू, साधा शेतकरी माणूस. आई राहीबाई. अंगणात घोंगडी अंथरलेली, सुपारी ताटात तयार. मुलगी चहा घेऊन आली. शालू तिचं नाव. नवं लुगडं सावरता येत नव्हतं, कपबश्या खुळखुळत होत्या. माझ्या पुढ्यात आली आणि काय सुचलं कोण जाणे, वाकून माझ्या पाया पडली. मी तिची मोठी सवत होणार होते ना.

ज्ञानूनं विचारलं, "बाई, चार मानसांत सांगा. तुमची ना न्हाई न्हवं?"

आत्याबाईंनी मला कोपरानं ढोसलं. मी येताना ठरवून आले नव्हते, दादा. खरंच नव्हते. मी हो म्हणायलाच गेले होते, कारण आता मला काही वाटेनासं झालं होतं. पण त्या पोरीचं डोकं माझ्या पायाशी होतं.

मी म्हटलं, "माझी ना नाही. पण मूल माझ्यामुळं अडलेलं नाही. हे ताकदीच्या गोळ्या घेतात, त्यानं यांचं बीज मेलंय. सांगलीच्या डॉक्टरांनी माझ्यादेखत सांगितलंय. तुमची पोर आली तरी पाळणा हलणार नाही. मग तिलाही वांझ म्हणतील, तिचीही पिशवी धुतील. ते कसं असतं ते मला ठाऊक आहे."

मग आत्याबाई किंचाळल्या, "धरा तिला! डोकं फिरलंय तिचं!" माझा पदर धरून ओढायला लागल्या. ज्ञानूनं त्यांना हातानंच थांबवलं आणि यांच्याकडं वळला.

"पैलवान, ती बोलती ते खोटं असंल तर खोटं म्हना. तुमच्या शब्दावर पोर देतो."

हे मान खाली घालून बसले होते. फेट्याचा शेमला छातीवर आला होता, तो त्यांनी मागं टाकला. मग उठले.

"पोर देऊ नका," म्हणाले.

एवढंच बोलले आणि चपला घालून चालायला लागले. लोकांना वाटलं गुरांच्या वाडग्यापर्यंत गेले असतील. ते परत आलेच नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, अजून नाही. मला आणि स्वतःच्या आईला त्या परक्या अंगणात टाकून गेले. खरं बोलले आणि पळाले. यातलं कशाचं मी काय करू?

निघताना राहीबाई आतून आली. माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि पदरात नारळ, तांदूळ घालून माझी ओटी भरली. सहा वर्षांत माझी ओटी कुणी भरली नव्हती. डोहाळजेवणाला मला मागच्या दारानं घालवायचे. ती काही बोलली नाही, नुसती रडत होती.

बोरगावला आल्यावर आत्याबाईंनी माझी ट्रंक अंगणात ठेवली. मी घेतली आणि शिरवळला आले.

मनू


शिरवळ
९ एप्रिल १९७५

दादा,

मी ठरवलं होतं की तुला पुन्हा लिहायचं नाही. आज लिहिते आहे ते माझ्यासाठी नाही.

आधी दाजींचं सांगते. ते परवा आले होते. मी ओळखलं नाही. फाटकाशी कुणीतरी उंच, वाळका माणूस उभा होता, सदरा खांद्यावरून लोंबत होता. मला वाटलं, पाणी मागायला कुणी वाटसरू आला असेल. मी तांब्या घेऊन गेले तर हे. कोयनानगरला एका ठेकेदाराच्या गोदामावर नोकरी धरली आहे. गोळ्या तासगावहून निघाल्या दिवसापासून सोडल्या. सुरुवातीला इतकं उदास वाटायचं की धरणाच्या भिंतीकडं जायला भीती वाटे, म्हणाले. मग म्हणाले, "येतीस का? खोली हाय."

मी म्हटलं, "आधी तालमीत जा. गोळ्यांनी काय झालं ते सगळ्यांपुढं सांगा. तिथली पोरं तुमचं बघून घ्यायला लागली असतील."

"जीव गेला तरी त्ये सांगायचा न्हाई," म्हणाले. पाणी न पिताच गेले.

असो. आता खरं ते.

काल आम्ही कुरडया घालायला घेतल्या. वहिनीनं माळ्यावरून हिंगाचा डबा काढायला मला सांगितलं. मी चढले, हात घातला आणि हातात डबा आला. तोच. तेच पत्र्याचं झाकण, तोच कडेचा निळा पट्टा. मी शिडीवरच बसून राहिले. वहिनी खालून म्हणाली, "आवं वन्सं, काय झालं? त्यो ह्येंच्या दुधाच्या पावडरीचा डबा. लय चांगला हाय, वास धरत न्हाई. आनि दोन हायती."

मी विचारलं, "पावडरीबरोबर गोळ्या असायच्या का?"

"व्हय की. गुलाबी. रजंवर आलं की रोज घ्यायचं."

दादा! तूसुद्धा?

मला वाटायचं, तू वर्षातून एकदा येतोस म्हणून वहिनीला मूल नाही. सगळ्यांनाच तसं वाटतं. पण मी घरात आहे तर काय बघते माहीत आहे? आई वहिनीला रोज सकाळी कसला तरी काढा देते. तो पिऊन ती गोठ्यात जाऊन ओकते, आणि येऊन भाकरी थापायला बसते. माझी आई. मी ट्रंक घेऊन आले तेव्हा जिनं मला कवटाळून, "माझ्या लेकीला कसायांच्या दावणीला बांधलं," म्हणून टाहो फोडला, ती. आणि मी भीत भीत म्हटलं, "आई, दादालाही तपासायला हवं," तर काय म्हणाली ऐक.

"त्याला काय झालंय? सरकारनं तपासून घेतलाय त्याला मिलिटरीत!"

अक्षय तृतीया झाली की आई वहिनीला साताऱ्याला नेणार आहे, पिशवी धुवायला. दिवस ठरलाय. वहिनी मला विचारत होती, लय दुखतं का हो वन्सं?

तू लिही. आईला नको, वहिनीलाच लिही. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन आणि मधला एक शब्द बदलणार नाही. हे तू सांगायला हवंस. बायकोला हे नणंदेच्या तोंडून कळू नये. मी अक्षय तृतीयेपर्यंत वाट बघते.

मनू


शिरवळ
१७ मे १९७५

दादा,

तुझं पत्र आलं नाही. मी पोस्टमनला वाटेत गाठून रोज विचारत होते.

परवा सकाळी वहिनी आणि मी नदीवर वाकळा धुवायला गेलो. तिथं मी तिला सांगितलं. माझं सांगितलं, दाजींचं सांगितलं, मग तुझं. ती वाकळ आपटत होती. मी बोलत राहिले, ती आपटत राहिली. मला वाटलं तिनं ऐकलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. तेव्हा थांबली.

"त्यास्नी म्हाइत हुतं?"

"दाजींनी कळवल्यापासून तरी ठाऊक होतं."

"मंजी गेल्या रजंत ह्ये आलं, तवा म्हाइत हुतं. मी काढा पीत हुते, ह्ये माझ्याम्होरं बसून ग्लासातनं दूध पीत हुतं. मला म्हनलं, नाक दाबून पी, मंजी कडू लागत न्हाई."

आणि मग ती हसायला लागली, दादा. पाण्यात उभी राहून. ते हसू मी कधी विसरणार नाही. पलीकडच्या बायका बघायला लागल्या. मी तिला धरून काठावर आणलं तेव्हा कुठं ती रडली.

घरी आल्यावर तिनं आईला स्वतः सांगितलं, "मी साताऱ्याला येनार न्हाई." आईनं माझ्यावर हात उगारला. लग्न झालेल्या लेकीवर. "माझ्या लेकाचं नाव काढशील तर याद राख. आपल्या घरात आग लावलीस, आता हितं लावतीस?" वहिनी मधे आली. आईचा हात तिनं हवेतच धरला आणि खाली आणून सोडला. एरवी तोंडातून शब्द न काढणारी वहिनी. आई भिंतीला टेकून खाली बसली. काढ्याचं भांडं काल चुलीवर चढलं नाही.

दाजींचं कळलं का? तू दोस्त म्हणवतोस त्यांचा, म्हणून लिहिते. गेल्या आठवड्यात ते सांगलीच्या तालमीत गेले आणि आखाड्याच्या कडेला उभं राहून सगळं बोलले. वस्तादांनी बाहेर काढलं. पोरं हसली, कुणी बायकी आवाज काढले. हे मला त्यांनी नाही सांगितलं. चारुलताबाईंचं कार्ड आलं. त्या लिहितात, तालमीतले दोघं गुपचूप डॉक्टरांकडं येऊन तपासून गेले, आणि शेवटी लिहितात, "तुमच्या यजमानांच्या तपासणीत अजून काही दिसत नाही. आशा सोडू नका, पण धरूनही बसू नका."

मी सोमवारी कोयनानगरला जाते आहे. मूल होईल म्हणून नाही. ते उभं राहून बोलले, म्हणून. पुढं जमेल का ते मला माहीत नाही. उकिरड्यावरचे ते हात अजून मला दिसतात. जेवताना सुद्धा दिसतात.

वहिनी शेजारी बसली आहे. तुला काही लिहायचं का, असं मी विचारलं. आधी नको म्हणाली. आता म्हणते, लिव्हा. ती सांगेल ते मी तसंच उतरवते आहे. इथून पुढं शब्द तिचे.

"आवं, बनूचा नमस्कार. मला लिवता येत न्हाई म्हनून वन्संकडनं लिवून घेती. तुमची वर्साची रजा जवळ आली आसंल. रजंवर या, नगं म्हनत न्हाई. घर तुमचं हाय. पोर हू दे न्हाईतर न हू दे, त्येचं मी देवाशी बघून घीन. पर या गावात मला समदी वांझ म्हनत्यात. तुमी आल्यावर पयल्यांदा पारावर जायचं, लोक बसल्यात तितं हुबं ऱ्हायचं, आन् खोट हिच्यात न्हाई, माझ्यात हाय, आसं तुमच्या तोंडानं सांगायचं. मी संगं येऊन शेजारी हुबी ऱ्हाते, तुमी येकलं पडनार न्हाई. येवढं करनार आसाल तर कवा येताय त्ये कळवा, मी गाडीवर न्यायला येती. करनार नसाल तर तितंच ऱ्हावा."